पणजीचं नाव काय?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या आजेसासऱ्यांचं नाव काय? पटकन सांगाल. त्यांच्या वडिलांचं? तेही बहुतेक जणी सांगतील, कारण आखाजीला घागर भरताना आणि पितृपक्षात पान वाढताना ते नाव घरात घेतलं जातं. आता दुसरा प्रश्न. तुमच्या आईच्या आईची आई, म्हणजे तुमची पणजी, तिचं नाव काय? ती कोणत्या गावची लेक? लग्नाआधी तिला घरात काय म्हणून हाक मारायचे?

इथे आपण बहुतेक जणी अडतो. शिकलेल्या अडतात, न शिकलेल्याही अडतात. ज्या बाईच्या पोटातून आपली आजी आली, जिने दुष्काळ पाहिला, साथी पाहिल्या, सात-आठ बाळंतपणं काढली, तिचं नाव तीनच पिढ्यांत पुसलं जातं. आणि सासरच्या पाच पिढ्यांचे पुरुष मात्र आपल्याला तोंडपाठ!

'वंशावळ' हा शब्दच बघा. वंश चालवणारा मुलगा, वंशाचा दिवा मुलगा. मग वंशाच्या झाडाला फांद्याही मुलग्यांच्याच फुटणार. कागदावर मूळ पुरुष, खाली त्याचे तीन मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. असं झाड पाहिलं की वाटतं, या घराण्यात बाळंत कोण होत होतं? पुरुषच?

कुणी म्हणेल, जुन्या नावांचा एवढा घोळ कशाला? पोटापाण्याचे प्रश्न काय कमी आहेत? पण बाई, हा प्रश्नही पोटापाण्याचाच आहे. कसा, ते पुढे सांगते. त्याआधी आपल्याकडे वंशाची आठवण कोणी कोणी जपली, ते जरा पाहू.

चोपड्या, भाट आणि जातं

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, प्रयाग, गया, हरिद्वार अशा तीर्थांच्या ठिकाणी तीर्थोपाध्याय असतात. आपण गाव आणि आडनाव सांगितलं की ते आतून एक लांबट, जाडजूड चोपडी काढतात आणि आपल्या पणजोबांनी तिथे येऊन कोणता विधी केला, सोबत कोण होतं, हे वाचून दाखवतात. जुनी पानं मोडीत असतात. कधी पूर्वजाची सही सापडते, कधी अंगठा. अस्थी घेऊन गेलेली माणसं त्या पानावर आपलीही नावं लिहून परततात. अशा चोपड्या किती मोलाच्या, हे परदेशातल्या लोकांनी ओळखलं. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हरिद्वार आणि इतर तीर्थांवरच्या चोपड्यांची सूक्ष्मफितीवर छायाचित्रं घेऊन ठेवली.

कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी येतात. बैल घेऊन दारी यायचं, घराण्याची वंशावळ गाऊन किंवा वाचून दाखवायची, नवी जन्मलेली नावं लिहून घ्यायची आणि धान्य, कपडा घेऊन पुढच्या गावी जायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. अनेक समाजांत हेच काम भाट करतात. विसाव्या शतकात बऱ्याच कोकणी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले. आपल्या सातपुड्यातल्या कोरकू समाजाची तऱ्हा आणखी वेगळी. ते मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी लाकडी फळी कोरतात. तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार अशा आकृती असतात. अक्षर एक नाही, पण आठवण पक्की.

आणि बायकांनी? बायकांनी ती जात्यावर जपली. पहाटे दळताना आई, बाप, भाऊ, भाचे, माहेरचं गाव, तिथली वाट, सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्याखेड्यांत फिरून अशा ओव्या गोळा केल्या आणि तो साठा एक लाखाच्या वर गेला. विचार करा, एक लाखाच्या वर! ज्या बाईला कोणी वंशावळीत घेतलं नाही, तिने आपलं अख्खं गणगोत दळणात घालून ठेवलं होतं. पण गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं आणि ते पाठांतरही गेलं. जात्यामागे बसण्याचे कष्ट गेले ते बरंच झालं. मात्र त्या कष्टांबरोबर जी आठवण होती, तिच्यासाठी आपण दुसरी जागा केली नाही.

सोनाळ्यातली एक दुपार

बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं सोनाळा आहे. संत सोनाजी महाराजांचं गाव. कार्तिकात यात्रा भरते तेव्हा लेकी-सुना, माहेरवाशिणी येतात. एका वर्षी यात्रेच्या दिवसांत एका ओसरीवर आम्ही दहा-बारा जणी बसलो होतो. बचत गटाच्या बाया, दोन सासुरवाशिणी, कॉलेजात जाणाऱ्या दोघी आणि एका कोपऱ्यात भिंतीला टेकलेली, ऐंशी ओलांडलेली एक आजी. मी म्हटलं, प्रत्येकीने एका कागदावर आपली आई, आजी, पणजी लिहायची. नाव, माहेरचं गाव, माहेरचं आडनाव. बस, एवढंच.

सुरुवातीला हसू झालं. मग ओसरी शांत झाली. आईचं नाव सगळ्यांना येत होतं. आजीच्या नावाला निम्म्या अडल्या. कारण तिला सगळे 'बुढी' म्हणायचे, 'मोठी माय' म्हणायचे. नाव कोणी घेतलंच नव्हतं. पणजीच्या नावाला दोघीच टिकल्या. एकीने फोन काढून अकोटच्या मावशीला विचारलं. मावशीने तेल्हाऱ्याच्या मामीला विचारलं. पंधरा मिनिटांनी उलटा फोन आला, तेव्हा नाव कळलं. आणि नाव कळल्यावर त्या बाईचे डोळे भरले. तिच्या मुलीचं जे नाव तिने हौसेने ठेवलं होतं, तेच पणजीचं निघालं.

कोपऱ्यातल्या आजीला आम्ही विचारलं, "आजी, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" ती आधी ऐकूच न आल्यासारखी बसली. मग हळूच नाव सांगितलं आणि म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाई वं बाई. लगनात नाव बदललं, ते बदललं. माह्या मायच्या मागं त्या नावानं कोनी हाक नाई मारली."

साठ-पासष्ट वर्षं! घरात सून होती, नाती होत्या, पणतू होता. त्यातल्या कोणालाही ते नाव माहीत नव्हतं. तिच्या शेजारी बसलेली तिची सूनच म्हणाली, "आत्याबाई, मले तरी सांगाचं होतं!"

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहिण्याची रीत आपल्याला किती गोड वाटते. सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. आता पुष्कळ मुली नाव बदलत नाहीत, हे चांगलं आहे. पण आपल्या आजीच्या पिढीत तांदळात लिहिलेल्या त्या अक्षरांनी आधीचं नाव, आधीचं गाव, आधीचा बाप सगळंच झाकलं. त्यात पुन्हा नवऱ्याचं नाव मधे आणि सासरचं आडनाव शेवटी. एका बाईचे एकाच जन्मात दोन कागद, दोन नावं. उद्या कोणी शोधायला निघालं तर या दोन बाया एकच आहेत, हे त्याला कळणार कसं?

सरकारी दप्तर काय सांगतं

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे जमिनीची मोजणी झाली, गावोगाव दप्तरं तयार झाली. विदर्भातल्या गावांत कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवायचा. त्या नोंदवहीला आपल्याकडे 'कोतवाल बुक' म्हणतात. आजही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून तिची नक्कल मिळते. ज्या घरात कुणी शाळेत गेलं नाही, त्या घरासाठी हा कागद म्हणजे लाखमोलाचा.

पण ती नक्कल नीट वाचा. बहुतेक नोंदींत तारीख असते, बापाचं नाव असतं, जात असते आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव नसतं आणि आईचा तर पत्ताच नसतो. नऊ महिने वाहणाऱ्या बाईचं नाव जन्माच्या नोंदीत नाही, ही गंमत म्हणायची की काय म्हणायचं?

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा छोटासा देश आहे. डोंगराळ, मेंढपाळांचा, खाणकामगारांचा. तिथल्या लोकांना घराण्याचा इतिहास शोधण्याचं भारी वेड. जुन्या काळी त्यांच्याकडे आडनावच नव्हतं. आपल्यासारखंच नावापुढे बापाचं नाव. मुलगा असेल तर मधे 'आप', म्हणजे 'चा मुलगा', आणि मुलगी असेल तर 'वेर्ख', म्हणजे 'ची मुलगी'. गंमत म्हणजे लग्न झालं तरी बाई आपल्या बापाचीच लेक म्हणून ओळखली जायची, नवऱ्याचं नाव लावत नसे. सोळाव्या शतकात वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली पूर्णपणे आला आणि हळूहळू पक्की आडनावं रुजली. 'आप हवेल'चं पॉवेल झालं, 'आप रीस'चं प्राइस झालं. आणि बायका नवऱ्याच्या आडनावाखाली गेल्या. पुढे जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स अशी मोजकी आडनावं इतकी झाली की एका गावात दहा जोन्स. मग ओळखण्यासाठी धंद्यावरून नाव पडायचं, दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स. आपल्याकडे एकाच आडनावाची वीस घरं असली की 'वाड्यातले', 'मळ्यातले', 'विहिरीवालं घर' म्हणतो, तसंच की नाही?

तिथे आणि इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याच्या बापाचं नाव, नवरीच्या बापाचं नाव. आयांची नावं? नाहीत! ती लिहायला तिथल्या सरकारला २०२१ चा मे महिना उजाडावा लागला. एकशे त्र्याऐंशी वर्षं लागली. एवढा पुढारलेला देश, पण आईला कागदावर आणायला त्यांनीही वेळच लावला.

आपल्या महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये निर्णय घेतला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव लिहिताना आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, अशी पद्धत ठरली. निर्णय चांगला आहे. आजपासून शंभर वर्षांनी कोणी पणजीचं नाव शोधेल तेव्हा तिला ते सापडेल. पण १ मे २०२४ च्या आधी जन्मलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय? आपल्या आयांचं, आज्यांचं काय? ते काम सरकार करणार नाही. ते आपल्यालाच करायचं आहे.

आत्याचा दाखला

आता सांगते, हा प्रश्न पोटापाण्याचा कसा.

आमच्या भागातल्या एका बाईला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची होती. जागा इतर मागासवर्गीय महिलेसाठी राखीव. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळे अशी वेळ आता कितीतरी जणींवर येते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. सासरची मंडळी म्हणाली, "आपल्या घरात सगळे कागद आहेत." पण बाईची जात लग्नाने बदलत नाही, ती जन्माने ठरते. तिला पुरावे लागतात ते माहेरचे. म्हणजे वडील, आजोबा, चुलते, आत्या अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातले. आणि तेही जुने. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा.

तिचे वडील शाळेत गेलेच नव्हते. लहानपणापासून गुरं राखली. आजोबांचा एकही कागद घरात नाही. भाऊ म्हणाला, "जाऊ दे, नको उभी राहू." मग कुणाला तरी आठवलं, वडिलांची थोरली बहीण, म्हणजे हिची आत्या, चौथीपर्यंत शाळेत गेली होती. त्या काळी मुलगी शाळेत जाते म्हणून गावात चर्चा झाली होती म्हणे! शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. त्यात आत्याचं नाव, तिच्या बापाचं नाव, जन्मतारीख, जात. साल १९५८.

पण पुढचा अडथळा लगेच उभा राहिला. घरात चुलतभावाने कधीतरी करून ठेवलेली वंशावळ होती. तिच्यात आत्या नव्हतीच! आजोबा, त्यांचे दोन मुलगे, मुलग्यांचे मुलगे. ज्या एकाच लेकीचा कागद सगळ्या घराण्याला तारणार होता, ती लेकच झाडावर नव्हती. आत्या बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. रजिस्टरातलं नाव माहेरचं, मृत्यूच्या दाखल्यावरचं सासरचं. ही दोन नावं एकाच बाईची, हे दाखवायला आत्याच्या मुलाला शोधून आणलं, तिच्या लग्नाची जुनी पत्रिका त्याच्या पेटीत सापडली, नवी वंशावळ लिहिली, प्रतिज्ञापत्र केलं. शेवटी काम झालं. बाई निवडूनही आली. नंतर त्याच वंशावळीवर आणि आत्याच्या त्याच दाखल्यावर तिच्या भाच्याचंही काम झालं. ज्या भावाने 'जाऊ दे' म्हटलं होतं, त्याचाच मुलगा.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा राज्यभर हेच चित्र दिसलं. जुन्या पेट्या उघडल्या गेल्या, मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, पणजोबांचं नाव काय, हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. पण पणजोबांबरोबर त्यांच्या बहिणींचीही नावं विचारायची असतात, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

'लेकी कशाला लिहायच्या?'

दुसरी गोष्ट जमिनीची. घरातला कर्ता माणूस गेला की वारस नोंद करावी लागते. मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज जातो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वारसांच्या नोंदवहीत नोंद होते, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. या सगळ्याचं मूळ कोणतं? ती वंशावळ. तिच्यात ज्याचं नाव नाही, तो वारस नाही.

आणि नेमकी तिथेच लेक गळते. 'ती तर सासरी आहे', 'तिचं लग्न आपणच करून दिलं', 'तिची सही आणायला कुठे जायचं एवढं लांब', 'लेकी कशाला लिहायच्या?' कधी वाईट हेतूने, कधी निव्वळ सवयीने. प्रतिज्ञापत्रात दोन मुलगे लिहायचे आणि तीन मुली वगळायच्या. खोटं प्रतिज्ञापत्र करणं हा गुन्हा आहे, हे माहीत असूनही लोक करतात. कारण वंशावळीत मुली नसतातच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट लक्षात ठेवा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना तो नव्हता. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने ती अट काढली. लग्न कधी झालं, याचा प्रश्न उरला नाही. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, तशी अट नाही. लेकीचा हक्क जन्मानेच आहे. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मोडत नाहीत. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना आहे. मुस्लिम घरांत लेकीचा हिस्सा त्यांच्या कायद्याने ठरलेला असतो. आदिवासींना हा वारसा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रूढी पाहिली जाते.

आता कुणी म्हणेल, भावाकडून जमीन घेऊन माहेर तोडायचं का? मी तसं म्हणत नाही. हिस्सा घ्यायचा की भावाला सोडायचा, हे ज्या त्या बहिणीने ठरवावं. ओटीत दोन साड्या आणि वर्षातून एकदा आखाजी-दिवाळीचं बोलावणं, यात जिचं समाधान आहे तिने हक्कसोडपत्र करून द्यावं. ते रीतसर नोंदवून होतं. पण सोडायला आधी हक्क कागदावर तर हवा! जी वंशावळीतच नाही ती सोडणार काय? देणं आणि गाळलं जाणं यात फरक आहे. दिलं तर भावाने उपकार मानावेत. गाळलं तर बहिणीला कळतही नाही. आणि उद्या वैधव्य आलं, सासरने बाहेर काढलं, तर माहेरच्या दारात तिने कोणत्या नात्याने उभं राहायचं? 'मी याच घरची लेक' हे म्हणायला एक ओळ तरी पुराव्याची असावी.

खरं तेच लिहायचं

घराण्याचा इतिहास लिहायला बसलं की एक मोह होतो. आपण मोठ्या सरदाराचे वंशज, आपलं मूळ अमक्या राजघराण्यात, असं काहीतरी जोडण्याचा. पैसे घेऊन अशा वंशावळी करून देणारेही भेटतात. त्या नादाला लागू नका. शेतमजुरी करणारी पणजी खरी असेल तर ती खोट्या सरदारापेक्षा मोलाची.

दुसरा मोह लपवण्याचा. जुन्या घरांत पहिली बायको बाळंतपणात गेलेली असते आणि तिचं नाव कोणी घेत नाही. एखादीने पाट लावलेला असतो. एखादी टाकलेली असते. कुणी विहीर जवळ केलेली असते. पाळण्यातच गेलेली लेकरं असतात. 'हे कशाला लिहायचं, लोक काय म्हणतील' असं वाटतं. पण याच बायका सगळ्यात आधी विसरल्या जातात. वंशावळीत त्यांची एक ओळ असावी, त्यात कोणाची अब्रू जात नाही. हां, हयात माणसांच्या खासगी गोष्टी चारचौघांत फिरवू नयेत, एवढं भान मात्र ठेवायचं.

आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. जिजाऊंचं माहेर. लखुजी जाधवांची लेक म्हणून आपण १२ जानेवारीला त्यांची जयंती तिथे साजरी करतो, आणि भोसल्यांच्या सून, शिवरायांच्या आई म्हणूनही मानतो. एका बाईची दोन्ही घरं जिथे धडपणे लक्षात राहिली, असं हे मोठं उदाहरण आपल्या अंगणात आहे. जे जिजाऊंना मिळालं ते आपल्या पणजीला का मिळू नये? ती राजमाता नव्हती, मान्य. पण आपल्यासाठी तर ती होती ना!

आणि शरीर तर हे विसरतच नाही. शास्त्रज्ञ सांगतात की आपल्या पेशींमध्ये एक सूक्ष्म वारसा असा असतो जो फक्त आईकडूनच येतो. आई तो मुलाला आणि मुलीला दोघांनाही देते, पण पुढच्या पिढीला तो देते फक्त मुलगी. म्हणजे पणजीकडून आजीला, आजीकडून आईला, आईकडून आपल्याला, असा तो धागा अखंड चालत आलेला आहे. वंश लेकीही चालवतात, हे निसर्गाने कधीच मान्य केलंय.

काय करायचं?

फार मोठं काम नाही. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक बाईला एक पान द्या. वर तिचं माहेरचं पूर्ण नाव, खाली सासरचं नाव, घरात हाक मारायचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव. जन्मसाल माहीत नसेल तर 'मोठ्या पुराच्या वर्षी', 'अमक्याच्या लग्नानंतर' असं जे सांगतील ते लिहा. तिची मुलं, सगळी, मुलीही, गेलेलीही. ती कशात हुशार होती, तिच्या हातची कोणती भाजी नावाजलेली होती, ती कशाने गेली. हे लिहायला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा, कारण तिच्याकडे जे आहे ते कोणत्याही दप्तरात नाही. आणि तिला विचारताना घाई करू नका. पहिल्या दिवशी ती 'मले काय ठावं' म्हणेल, तिसऱ्या दिवशी तिला थांबवणं कठीण होईल.

मग कागदांकडे वळा. आजोबा, चुलते, आत्या यांच्या पहिल्या शाळेचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुने सातबारे आणि फेरफार, लग्नपत्रिका, जन्ममृत्यूचे दाखले. आपल्या लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांचा मेळ घालणारा एक तरी कागद जपून ठेवा. लग्नाची नोंद केली नसेल तर करून घ्या. माहेरी वारस नोंद व्हायची असेल तर वंशावळीची प्रत मागा आणि आपलं नाव तिच्यात आहे का, ते स्वतः वाचा. फेरफार पक्का होण्याआधी हरकत घ्यायला मुदत असते. ती हातची जाऊ देऊ नका. आणि आपल्या घरी अशी नोंद करायची वेळ आली, तर आपल्या नणंदांची नावं आपणच आठवणीने लिहायला लावा. बहिणींनो, माहेरी लेक गळू नये असं वाटत असेल तर सासरी ती आपल्या हातून गळता कामा नये. नणंद म्हणजे कुणाच्या तरी घरातून सुटलेली लेकच ना?

मुलांना यात घ्या. सुट्टीत आजीकडे गेलेल्या नातवाला हे काम द्या. त्याला मोबाइलवर आजीचा आवाज साठवता येतो, आपल्याला नाही आला तरी. तिच्या आवाजात तिच्या आईचं नाव एकदा ऐकलं की पोरगं ते विसरत नाही.

येत्या आखाजीला घागर भराल तेव्हा पुरुषांच्या नावांबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्या. माहेरच्या गावासकट घ्या. आणि पणजीचं नाव माहीत नसेल तर आजच ज्या मावशीला, आत्याला, मामीला ते माहीत असेल तिला फोन करा. ती आहे तोवर.